लशीच्या बातमीतली इंग्रजी

कवीला बोलावलं म्हणजे तो कवितेवरच बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. पण आज मला काही इंग्रजी शब्दांविषयी बोलायचं आहे. त्यातल्या एका शब्दाचा अर्थ मी एकदा चुकीचा सांगितला आणि त्याची किंमत माझ्या खालेनं मोजली.

मार्च 2021 ची गोष्ट. साठीपुढच्या लोकांना करोनाची लस 1 तारखेपासून मिळू लागली होती. माझी खाला सोपाऱ्याला राहते. तेव्हा तिचं वय अडुसष्ट. लहानपणी देवी टोचल्याचे गोल वण अजून तिच्या दंडावर आहेत, म्हणजे सुईला भिणारी बाई नव्हे. पण खानदानातला पहिला बीए मी. म्हणून तिनं एक इंग्रजी वर्तमानपत्र माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाली, "वाच बघू, लशीबद्दल काय लिहिलंय." बातमीत ‘अ‍ॅडव्हर्स इव्हेंट’ असे शब्द होते आणि पुढे एक आकडा. मी ऐटीत सांगून मोकळा झालो, "एवढ्या लोकांना लशीमुळे अपाय झालाय." खाला म्हणाली, "मग थांबू थोडं."

थांबलो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिला ताप भरला. त्या दिवसांत वसई-विरारमध्ये दवाखान्यात खाट मिळवणं म्हणजे काय होतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. अकरा दिवस ती ऑक्सिजनवर होती. घरी परतली, अल्लाची मेहेरबानी. पण जिना चढताना अजूनही मध्येच थांबते. वेळेवर लस घेतली असती तर हे टळलंच असतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तिनं निर्णय घेतला तो माझ्या चुकीच्या अर्थावर, एवढं खरं.

मग उशिरा का होईना, मी त्या शब्दामागे लागलो. ‘अ‍ॅडव्हर्स इव्हेंट’ म्हणजे लस टोचल्यानंतर माणसाच्या प्रकृतीत घडलेली कुठलीही अनिष्ट गोष्ट. ताप आला, दंड दुखला, इतकंच काय, पाय घसरून हाड मोडलं, तरी चाचणीच्या वहीत त्याची नोंद होते. ती लशीमुळे घडली की नुसती लशीनंतर घडली, हे पुढे तपासायचं असतं. ‘नंतर’ आणि ‘मुळे’ हे दोन शब्द मराठीतही वेगळे आहेत, ते मला कळायला हवे होते.

या तपासाचा एक जुना दाखला आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पाठोपाठ भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली. काही कैद्यांनी लस घेतली, काहींनी नाही, आणि दोघांची तुलना केली गेली. पुढे 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी ही लस टोचलेले 19 जण धनुर्वातानं दगावले. खापर हाफकिन यांच्यावर फुटलं, त्यांचं काम सुटलं. ते सगळे 19 जण एकाच बाटलीतली लस टोचलेले होते. हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर व्हायला 1907 उजाडलं. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं, ती आजची हाफकिन संस्था.

दुसरा फसवा शब्द ‘एफिकसी’. आपली वर्तमानपत्रं त्याला परिणामकारकता म्हणतात. जुलै 2021 मध्ये कोव्हॅक्सिनची परिणामकारकता 77.8 टक्के असल्याचं जाहीर झालं. आमच्या नाक्यावर याचा अर्थ असा लावला गेला की, शंभरांना टोचली तर बावीस जण आजारी पडणार. तसं नव्हे. चाचणीत जवळपास 25 हजार 800 माणसं होती. निम्म्यांना खरी लस, निम्म्यांना लशीसारखीच दिसणारी पण लस नसलेली सुई. हिशेब झाला तेव्हा नकली सुईवाल्यांत करोनाचे 106 रुग्ण निघाले आणि लसवाल्यांत 24. हे 24 शंभरातले नव्हेत, आठ हजारांहून अधिक माणसांतले. लस नसताना जितके आजारी पडले असते, त्यातले सुमारे तीनचतुर्थांश वाचले, एवढंच तो आकडा सांगतो.

त्या नकली सुईला ‘प्लासिबो’ म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘मी खूश करीन’. आणि कोणाला खरी दिली, कोणाला नकली, हे टोचून घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि टोचणाऱ्यालाही नसतं. हीच ‘डबल ब्लाइंड’ चाचणी. एका ठिकाणी मी त्याचं भाषांतर ‘दुहेरी अंध’ असं वाचलं. वाचणाऱ्याला वाटावं, दृष्टिहीनांवर प्रयोग चाललाय!

पण सगळा दोष वाचणाऱ्याचा नाही. 3 जानेवारी 2021 रोजी कोव्हॅक्सिनला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली, तेव्हा तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष यायचे होते. परवानगीत शब्द होते ‘क्लिनिकल ट्रायल मोड’. लोक म्हणाले, "म्हणजे ट्रायल आपल्यावरच!" या शंकेला नुसतं अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. ती अट मार्चमध्ये काढली गेली, पण अट असताना तिचा अर्थ साध्या मराठीत घरोघर पोचायला हवा होता. तो पोचला नाही.

आपला ‘लस’ हा शब्द मात्र मला फार आवडतो. जखमेतून, फोडातून झिरपणारा चिकट द्रव, ती लस. 14 जून 1802 रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानात ती यशस्वी झालेली पहिली व्यक्ती. मग तिच्या दंडावरच्या फोडातली लस काढून दुसऱ्यांना टोचली. शब्द अगदी जसाच्या तसा खरा होता. हिंदी-उर्दूत म्हणतात ‘टीका’. ‘टीकाकरण केंद्र’ अशी पाटी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, इथं समीक्षक बसत असावेत. त्या अर्थाचे माझे डोस केव्हाच पुरे झालेत.

खालेनं बरी झाल्यावर, सांगितल्याप्रमाणे तीन महिने थांबून लस घेतली. आता ती मला सहजासहजी सोडत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये डेंग्यूच्या भारतीय लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी सुरू झाल्याची बातमी आली. दहा हजारांहून अधिक लोक, आणि त्यांच्यावर दोन वर्षं लक्ष ठेवणार. बातमीत तिला ‘कँडिडेट व्हॅक्सिन’ म्हटलं होतं. मी सांगितलं, म्हणजे उमेदवार लस, अजून पास व्हायची आहे. आमच्याकडे पावसाळा ओसरला की डासांचं राज्य. खालेनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काहींना खोटी सुई देणार ना? मग कुणाला कुठली दिली, ते डॉक्टरलाही ठाऊक नसेल ना?"

"नसेल," मी म्हणालो.

"बघ, नीट वाचलंयस ना?"