डोहाळजेवणाआधीची काळजी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



संस्थेच्या चालकांनी आज आम्हांस चार शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. विषय मात्र आम्ही मागून घेतला आहे. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांत आज लेक किंवा सून शिक्षिका आहे. तिच्या नोकरीचे आपणांस कौतुक आहे. परंतु ती गरोदर असताना वर्गात तिचे दिवस कसे जातात, याविषयी घरात क्वचितच बोलणे होते. आम्ही स्वतः अनेक वर्षे खडू-फळ्याची सेवा केली आहे, म्हणून हा विषय मांडण्याचे धाडस करीत आहोत.

आपल्याकडे गर्भवतीचे कौतुक सातव्या महिन्यात होते. हिरवी साडी, फुलांची वाडी, सजवलेला झोपाळा, हौसेने केलेली पक्वान्ने, सारे काही यथासांग होते. पहिले तीन महिने मात्र कोणास काही सांगू नये, अशी रीत आहे. या रीतीस आम्ही हसत नाही. आरंभी गर्भ टिकेलच अशी खात्री नसते. दुर्दैवाने काही विपरीत घडले तर चारचौघींच्या प्रश्नांस उत्तरे देण्याची पाळी येऊ नये, या कनवाळूपणानेच वडीलधाऱ्या स्त्रियांनी ती पाडली असावी. परंतु बाळाचे हृदय, डोळे आणि कान नेमके याच आठवड्यांत घडत असतात. म्हणजे ज्या काळात सर्वाधिक जपावयाचे, त्याच काळात आपली शिक्षिका शाळेत मौन धरून वावरते.

१९४१ साली ऑस्ट्रेलियातील नॉर्मन ग्रेग नावाच्या नेत्रवैद्यांस एक गोष्ट आढळली. जन्मतःच मोतीबिंदू असलेली अर्भके त्यांच्याकडे एकामागून एक येऊ लागली, तेव्हा त्यांपैकी बहुतेकांच्या मातांना गरोदरपणाच्या आरंभी जर्मन गोवर, म्हणजेच रुबेला, येऊन गेल्याचे दिसून आले. लहान मुलास दोन-तीन दिवसांच्या पुरळाने सोडून देणारा हा आजार पहिल्या बारा आठवड्यांत मातेस झाला, तर बाळाची दृष्टी, श्रवण आणि हृदय यांवर घाला घालू शकतो. आणि असे पुरळ उठलेले मूल प्रथम कोणाजवळ येते? आपल्या बाईंजवळ!

आमच्याच पहिल्या खेपेची गोष्ट. दुसरा महिना चालू होता. घरी यजमान आणि सासूबाई यांखेरीज कोणास ठाऊक नव्हते. शाळेत तर कोणासच नाही. एके दिवशी दुसरीच्या वर्गातील एका मुलाचे अंग तापले आणि चेहऱ्यावर पुरळ दिसू लागले. त्याचे वडील मधल्या सुट्टीत येईपर्यंत आम्ही त्याचे डोके मांडीवर घेऊन बसलो. संध्याकाळी कळले की तो जर्मन गोवर असावा. मुख्याध्यापकांस आधी सांगितले असते, तर त्या मुलाजवळ दुसरे कोणी बसले असते. पुढे आठ दिवस आम्ही दवाखान्याची पायरीही चढलो नाही. कारण विचारणार काय, आणि कोणासमोर? शेवटी सासूबाईंनीच आमचा चेहरा पाहून आम्हांस हाताला धरून नेले. रक्ततपासणीत तो आजार आम्हांस पूर्वीच होऊन गेल्याचे निघाले. बाळ सुखरूप जन्मले. परंतु त्यात आमचे शहाणपण काही नव्हते, ते केवळ दैव होते. आणि ते आठ दिवस आम्ही आजही विसरलो नाही.

म्हणून पहिली विनंती विवाहयोग्य मुलींच्या मातापित्यांस. गोवर-रुबेला लसीची मोहीम गोव्यात २०१७ च्या आरंभी आणि महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस झाली. ती नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी होती. त्या वेळी पंधरा वर्षे ओलांडलेल्या मुली तिच्यातून सुटल्या, आणि त्याच आज लग्नाच्या वा मातृत्वाच्या वयात आहेत. लग्नाच्या याद्या करताना लसीची चौकशीही करावी. ही लस गरोदरपणी देत नाहीत. ती दिवस राहण्यापूर्वी किमान एक महिना आधी घ्यावी लागते.

दुसरी विनंती शिक्षिका भगिनींस. दिवस राहिल्याचे कळताच मुख्याध्यापकांस विश्वासात घेऊन सांगावे. गावभर करण्याचे कारण नाही. एका माणसास सांगितले तरी पुरते. वर्गात कोणास पुरळ, ताप किंवा कांजिण्या आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे. पूर्वी कांजिण्या न झालेल्या गर्भवतीस आरंभीच्या थोड्या दिवसांत संरक्षक उपाय करता येतो, नंतर त्याचा उपयोग राहत नाही. बालवाडीत शिकवणाऱ्यांनी मुलांचे नाक-तोंड पुसल्यावर वा त्यांस शौचास नेल्यावर साबणाने हात धुण्यात कधीही कसूर करू नये.

आणखी एक गोष्ट संकोच सोडून सांगतो. शाळेतील स्वच्छतागृह धड नसते म्हणून कित्येक शिक्षिका दिवसभर पाणीच पीत नाहीत. याने लघवीचे विकार जडतात, आणि गरोदरपणी ते अकाली प्रसूतीस कारण होऊ शकतात. पाणी भरपूर प्यावे, पण घरून उकळून न्यावे. कारण दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचा एक प्रकार शेवटच्या महिन्यांत प्राणघातक ठरू शकतो. स्वच्छतागृहाची मागणी संस्थाचालकांकडे करण्यात लाज कसली? आपल्या ज्ञातीतील जे गृहस्थ शाळांच्या समित्यांवर आहेत, त्यांनी ती मागणी येण्याची वाटही पाहू नये.

वर्गात खुर्ची असते, पण बसून शिकवणे म्हणजे आळस, अशी एक समजूत आहे. कायदा मात्र तसे मानत नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात, प्रसूतीपूर्व रजेच्या सहा आठवड्यांआधीच्या महिन्यात स्त्रीने मागणी केल्यास तिला फार वेळ उभे राहण्याचे काम देऊ नये, असे स्पष्ट कलम होते. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. आता या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या आहेत. आपल्या शाळेस कोणते नियम लागू आहेत, हे कार्यालयात लेखी विचारून घ्यावे. ‘मागणी केल्यास’ हे शब्द ध्यानात ठेवा. जी मागत नाही, तिला कायदाही खुर्ची देत नाही.

शेवटची विनंती घरच्या मंडळींस. रक्तस्राव, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर सूज, अंगावरून पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाल्यास ‘तास संपल्यावर पाहू’ असे तिला म्हणू देऊ नका. तत्काळ रुग्णालय गाठा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय रुग्णालयांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते, त्या दिवशी तिच्याबरोबर कोणीतरी जावे.

भगिनींनो, डोहाळजेवणे जरूर करा, झोपाळाही सजवा. परंतु सातव्या महिन्यात जी माया आपण ओंजळी भरभरून देतो, तिच्यातील ओंजळभर दुसऱ्या महिन्यात द्या, एवढेच मागणे आहे.