मोदेनाचा व्हॉलीबॉल संघ



‘धंदेवाईक खेळाडू’ म्हटले की आपल्याकडे अजून नाक थोडे मुरडले जाते. पोटासाठी खेळणारा माणूस खेळाचे पावित्र्य काय राखणार, अशी आपली समजूत. ती कितपत टिकते हे पाहण्यासाठी इटलीतील मोदेना शहराच्या संघाची हकीकत आपल्यापुढे ठेवतो.

तिचा आरंभ मैदानावर होत नाही, वर्तमानपत्रांच्या दुकानात होतो. ओल्गा पानिनी ही आठ मुलांची विधवा आई. तिने 1945 साली मोदेनात वृत्तपत्रविक्रीचे एक छोटे दुकान घेतले. पुढे मुलांनी फुटबॉलपटूंची चित्रे पाकिटांत घालून विकण्यास प्रारंभ केला. पोरांनी पाकिटे घ्यावीत, चित्रे वहीत चिकटवावीत, दोनदा आलेले चित्र मित्राशी बदलावे! 1961 साली निघालेल्या त्या वहीने घरात लक्ष्मी आणली. उंबेर्तो या भावाने तर पाकिटे भरण्याचे यंत्रच बनविले. पैसा फुटबॉलने दिला, परंतु थोरल्या ज्युसेप्पेचा जीव व्हॉलीबॉलवर. शहराला या खेळाची गोडी आधीपासून होतीच. 1966 साली त्याने संघ उभा केला आणि 1970 साली तो राष्ट्रीय विजेता झाला. 1972, 1974 आणि 1976 सालीही तेच घडले.

1985 साली हुलिओ वेलास्को हा अर्जेंटिनाचा शिक्षक संघाला लाभला. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी! त्याचा कटाक्ष एकाच गोष्टीवर होता. फटका मारणारा म्हणतो, चेंडू नीट उचलून दिला नाही. उचलून देणारा म्हणतो, मागच्याने नीट घेतला नाही. आणि ज्याच्या मागे कोणीच उरत नाही तो दिव्यांकडे बोट दाखवितो. ही सबबींची साखळी त्याने तोडली. मिळेल त्या चेंडूतून मार्ग काढावयाचा. (आपल्या नगरपालिकेत हे गृहस्थ आले असते तर!) 1986 ते 1989 अशी चारही वर्षे विजेतेपद मोदेनाकडे राहिले. याच संघातील लुकेत्ता, बेर्नार्दी आणि कांतागाल्ली हे वेलास्कोच्याच हाताखाली 1990 साली इटलीसाठी जगज्जेते ठरले.

पानिनींचा कारखाना 1988 साली परक्या हाती गेला. धंदेवाईक संघाची खरी कसोटी येथेच लागते, कारण पैसा देणाराच गेला. गणवेशावर पुढे एकामागून एक निराळ्या व्यापाऱ्यांची नावे आली. 1990 साली युरोपचा चषक जिंकला तो फिलिप्सच्या नावाने. 1996 ते 1998 असा तो सलग तीनदा मिळाला. प्रेक्षक मात्र ‘मोदेना’च म्हणत राहिले, आणि क्रीडागृहाला नाव राहिले पानिनीचे. राष्ट्रीय विजेतेपदांची संख्या 2016 साली 12 झाली.

गंमत अशी की इटलीच्या 1981 च्या कायद्याखाली व्हॉलीबॉलला व्यावसायिक खेळाचा दर्जा मिळालाच नाही. वेतन घेणारे हे वीर कागदोपत्री हौशीच!

आपलाही एक माणूस त्या मैदानांवर खेळला. केरळचा जिमी जॉर्ज मोदेनाचा नव्हता, इटलीतील दुसऱ्या संघांचा. पैसे घेऊनच तो खेळे. 1986 च्या सोल आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघातही तो होता. 1987 च्या नोव्हेंबरात इटलीत मोटार अपघातात तो गेला. मोंतिक्यारी गावाने बांधलेल्या क्रीडागृहाला त्याचेच नाव आहे : पालाजॉर्ज.