पट्ट्यांवांचून स्वर

वऱ्हाडांतील एखाद्या गांवीं, मग तें वाशीम जिल्ह्यांतील इंझोरी असो वा दुसरें कोणतेंही असो, लग्नाची वरात निघाली म्हणजे सनईच्या जागीं आतां पुष्कळदां कीबोर्ड ऐकूं येतो. त्याच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या पाहून पेटी आठवते, आणि पेटीवरचा जुना आक्षेपही आठवतो. पेटीचे स्वर सुटेसुटे. दोन पट्ट्यांमधली जागा त्या वाद्याला ठाऊकच नाहीं. मुख्यत्वें याच दोषास्तव १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीला आपल्या दालनांतून हद्दपार केलें, आणि ती बंदी सैल व्हावयास १९७१ साल उजाडावें लागलें. त्याच्याही पूर्वीं सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं, क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या सहकार्यानें, बावीस श्रुतींची पेटी सिद्ध करून हा दोष घालवूं पाहिला. स्वर वाढले खरे. परंतु पट्टी ती पट्टीच, तींतून मींड कशी निघणार?

आश्चर्य असें कीं, आजच्या कीबोर्डाचा जो मूळपुरुष, त्याच्या अंगीं हा दोष नव्हता. अमेरिकेंत रॉबर्ट मूग यांनीं हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या साह्यानें १९६४ सालीं त्याचा पहिला नमुना तयार केला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियांत डॉन बुक्ला दुसऱ्या वाटेनें त्याच ठिकाणीं पोंचत होते. हा सिंथेसायझर म्हणजे एक वाद्य नव्हे, खणाखणांचें कपाट होय. एक खण ध्वनि उत्पन्न करतो. दुसरा त्यांतील कांहीं अंश गाळून त्याचा रंग बदलतो. तिसरा तो ध्वनि कसा उमटावा, किती टिकावा नि कसा विरावा, तें ठरवितो. एका खणाचा दुसऱ्याशीं जन्मतः संबंध नाहीं. वादकानें तारा खोंचून तो जोडावयाचा. म्हणजे दर खेपेस वाद्यच नव्यानें बांधावयाचें.

या सर्वांचा गाभा विद्युद्दाबांत आहे. मूगच्या यंत्रांत दाब एक व्होल्टानें वाढला कीं स्वर एक सप्तक चढतो. व्होल्टाचा बारावा हिस्सा वाढविला तर पेटीवरची पुढची पट्टी मिळते. पण बाराव्या हिश्श्यावरच थांबलें पाहिजे असा नियम विजेनें कोठें केला आहे? त्या दोहोंमधील कोणताही दाब देतां येतो, म्हणून कोणतीही श्रुति मिळते. मूग यांनीं पट्ट्यांच्या जोडीला एक फीत दिली. तिजवर बोट सरकवावें आणि स्वर सलग घसरत जावा. बुक्ला यांनीं तर पियानोच्या पट्ट्या वर्ज्यच करून केवळ स्पर्शाचे पत्रे बसविले.

या वाद्यांतून एका वेळीं सामान्यतः एकच स्वरपंक्ति निघे. पाश्चात्त्यांना हा मोठाच उणेपणा वाटला. वेंडी कार्लोस यांनीं १९६८ सालीं बाखचें संगीत मूगवर वाजविलें, तेव्हां त्यांतील एकेक पंक्ति निराळी ध्वनिमुद्रित करून मग सर्व एकत्र आणाव्या लागल्या. एका स्वराच्या वाटेनेंच चालणाऱ्या रागसंगीताला तें वैगुण्य कसलें! उष्णतेनें स्वर ढळे, ही अडचण मात्र खरी. परंतु मैफल थांबवून तंबोरा लावणाऱ्यांच्या देशांत तिचें नवल वाटावयास नको.

आणि तें वाद्य या देशांत आलें होतें. १९६० पर्यंत मुंबई राज्यांतच असलेल्या अहमदाबादेंत, राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत, १९६९ सालीं मूगचा सिंथेसायझर बसविण्यांत आला. तो मांडून देण्यास न्यूयॉर्कचे डेव्हिड ट्यूडर आले. या उपक्रमामागें गीता साराभाई होत्या: पखवाज वाजविणाऱ्या, आणि १९४६ सालीं न्यूयॉर्कमध्यें जॉन केज यांना हिंदी संगीताचे पाठ देऊन त्यांच्याकडून पाश्चात्त्य रचनाशास्त्र शिकलेल्या. त्यांच्यासह गायक अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा यांनीं तेथें रचना केल्या. एकीचें नांव ‘माय बर्ड्‌स’, दुसरीचें ‘स्पेस लायनर २००१’. नांवांवरूनच दिसतें कीं, मंडळींना राग सांगावयाचा नव्हता, नवा ध्वनि हुडकावयाचा होता. त्यांत गैर कांहीं नाहीं. तरी ज्या वाद्याला मींड आणि श्रुति सहज साध्य, त्याच्यापुढें एखादा गवई वर्षानुवर्षें बसता तर काय निघालें असतें, हा प्रश्न राहतोच. पुढें तो उद्योग थंडावला आणि १९६९ ते १९७२ च्या ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहांत पडून राहिल्या. ब्रिटनचे पॉल पर्गस यांच्या त्या हातीं लागल्या व २०२३ सालीं निवडक मुद्रणें प्रसिद्ध झालीं.

दरम्यान १९७० मध्यें मूग यांच्याच कंपनीनें ‘मिनीमूग’ काढला. खणांची जोडणी आंतून कायमची, तारा नाहींत, समोर पट्ट्या. काखोटीस मारून कार्यक्रमाला न्यावा असा. खपला तो हाच, आणि पुढें जपानी कारखान्यांनीं स्वस्त केला तो हाच प्रकार. पट्ट्या जिंकल्या. मात्र त्या मिनीमूगवर डाव्या बाजूस स्वर वरखालीं सरकविणारें एक लहानसें चाक होतें, आणि पुष्कळशा कीबोर्डांवर तें अजून असतें. वरातींतला वादक उजव्या हातानें पट्ट्या दाबीत असतां त्याचा डावा हात मधूनच त्या चाकावर जातो, आणि गाण्याची ओळ पट्ट्यांच्या मधून वळण घेऊन जाते.