मुके पाऊल

श्रोतेहो, आज 30 जानेवारी. महात्माजींच्या पुण्यतिथीचा हा दिवस आपल्या देशात कुष्ठरोगनिवारण दिन म्हणून पाळला जातो, आणि सेवाग्रामच्या आश्रमात कुष्ठरोगाने पीडित परचुरेशास्त्र्यांची शुश्रूषा ते स्वहस्ते करीत, ही हकिगत आज गावोगावच्या सभांत सांगितलीही जाईल. हा रोग जंतूंमुळे होतो, औषधाने पूर्ण बरा होतो आणि ते औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते, हे आपणांस ठाऊक आहे असे धरून मी चालतो. मला नेमून दिलेल्या थोड्या मिनिटांत मी ज्याविषयी बोलणार आहे, तो विषय कित्येकांना क्षुल्लक वाटेल. तो विषय म्हणजे माणसाचा तळपाय.

औषधाने जंतू मरतात. परंतु त्या जंतूंपायी जे मज्जातंतू एकदा निकामी झाले, ते औषधाने पुन्हा सजीव होत नाहीत. औषधांची मुदत संपते, दप्तरात ‘रोगमुक्त’ असा शेरा पडतो, कागद फडताळात जातो. आणि ज्याच्या नावाचा तो कागद असतो तो गृहस्थ मात्र बधिर झालेली दोन पावले घेऊन घरी परततो, ती पुढे जन्मभर सांभाळावयाची आहेत हे त्यास कोणी बजावून सांगितलेले नसते.

असे एक शेतकरी, रोगातून बरे होऊन कित्येक वर्षे लोटलेले, एकदा माझ्याकडे आले. तक्रार काय, तर अंगात कसर आहे आणि जांघेत अवधाण आले आहे. पायाविषयी चकार शब्द नाही. मी त्यांना वहाण काढावयास सांगितली, तर ती निघेना; ओढून पाहिली तेव्हा कळले की बाभळीचा एक लांब काटा वहाणेच्या तळातून थेट पावलात शिरला होता आणि त्याने वहाण पायाला अक्षरशः खिळून टाकली होती. काटा केव्हा मोडला असे विचारता ते म्हणाले, “परवा बांधावरून आलो बघा, तेव्हाचा असंल.” दोन दिवस तो मनुष्य त्या काट्यावर चालत होता आणि ओशाळून हसत होता.

आपण शेतकऱ्याची जात. मुक्या जनावराची काळजी कशी घ्यावी हे आपणांस शिकवावे लागत नाही. बैल बोलत नाही म्हणूनच आपण संध्याकाळी त्याच्या अंगावरून हात फिरवतो, खूर उचलून खडा अडकला आहे का ते पाहतो, पक्की सडक तुडवावी लागणार असेल तर पत्र्या मारून घेतो, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतो. आणि त्याचा खांदा सुजला असेल तर पेरणी खोळंबली तरी त्यास जुवाखाली घालीत नाही. बधिर पाऊल हे असेच मुके जनावर आहे. किंबहुना बैलाहून मुके. कारण बैल निदान लंगडतो, हे पाऊल लंगडतही नाही. धडधाकट माणसास टाच दुखली की तो नकळत चवड्यावर भार देतो, आणि त्या लंगडण्यानेच त्याचा पाय वाचतो. बधिर पायाचा धनी त्याच जागेवर हजार वेळा तोच भार देत राहतो, आणि मग कातडीखाली व्रण होतो.

पूर्वी लोक म्हणत, आणि वैद्यही मानीत, की या रोगात मांस आपोआप झडते. 1946 साली वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात आलेले शल्यविशारद डॉक्टर पॉल ब्रँड यांनी वर्षानुवर्षे रुग्णांचे हातपाय निरखून दाखवून दिले की बहुतेक जखमा न कळलेल्या इजेच्या असतात, आणि पायास पुरती विश्रांती दिली की त्या भरून येतात. झोपेत उंदीर बोटे कुरतडतात आणि माणसास जाग येत नाही, इथपर्यंत शोध लागला. पुढे अमेरिकेत गेल्यावर हेच ज्ञान त्यांनी मधुमेहाने बधिर झालेल्या पावलांसाठी वापरले. म्हणून म्हणतो, मधुमेही श्रोत्यांनी आकाशवाणी संच बंद करू नये. ही गोष्ट त्यांचीही आहे.

तर करावयाचे काय? रोज रात्री उजेडात दोन्ही तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा धरावा. लाली, फोड, भेग किंवा भोवतालच्या कातडीहून गरम लागणारी जागा दिसली की तो बैलाचा सुजलेला खांदा समजावा आणि पायावरचा भार त्या क्षणी उतरवावा. बधिर पायास घाम येत नाही, म्हणून तो कोरडा पडून भेगाळतो. कुष्ठमुक्तांनी पाय साध्या पाण्यात वीसएक मिनिटे भिजवावेत, घट्टा हलक्या हाताने घासावा आणि ओलसर असतानाच तेल लावावे. मधुमेहींनी मात्र भिजवीत बसू नये. धुऊन कोरडे करावे आणि बोटांच्या बेचक्यांत तेल घालू नये. पाणी कढत आहे का हे कोपराने पाहावे. वहाण झटकून मगच पायात घालावी. मऊ सूक्ष्मरंध्री रबराच्या, मागे पट्टा असलेल्या वहाणा कुष्ठनिवारण कार्यक्रमातून मिळतात, त्या मागून घ्याव्यात, त्यात लाज कसली?

मुख्य मुद्दा निसटू नये म्हणून पुन्हा सांगतो. जखम झाली म्हणजे रोग उलटला असे नव्हे. पाऊल मुके आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि मुक्याची विचारपूस दुसऱ्यानेच करावयाची असते. ज्याची बोटे वाकली आहेत, ज्याची नजर मंदावली आहे, त्याने स्वतःचा तळवा पाहावा तरी कसा? बैलाचा खूर मांडीवर घ्यावयास ज्यांना संकोच नाही, त्यांना बापाचे पाऊल हातात घ्यावयास संकोच वाटावा, हे मला आजवर उमगलेले नाही. 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे जे 21 प्रकार मानले त्यांत कुष्ठमुक्तांचाही समावेश आहे. पण पाऊल पाहण्याचे काम कोणत्याही कायद्याने होणारे नाही, ते घरानेच करावयाचे.

ज्यांच्या डोळ्यांची पापणी मिटत नाही, त्यांच्याविषयीही बोलावयाचे होते. पण काचेपलीकडून हात वर झालेला दिसतो आहे, तेव्हा ते राहिले. आज रात्री अंथरुणाला पाठ टेकण्यापूर्वी घरातल्या बधिर पावलांच्या माणसापाशी दिवा घेऊन बसा, आणि त्याचे दोन्ही तळवे पाहा. उद्याही पाहा.