वाळूतलं जग

मुलाच्या मनात काय खुपतंय, हे विचारून कळतंच असं नाही. त्याच्याकडे तेवढे शब्दच नसतात. बालरोगतज्ज्ञ मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२८ मध्ये लंडनला अशा मुलांसाठी दवाखाना काढला. एच. जी. वेल्स यांच्या ‘फ्लोअर गेम्स’ या पुस्तकावरून सुचलेली चिमुकली खेळणी आणि वाळूचा ट्रे त्यांनी मुलांपुढे ठेवला. मुलं त्यात घरं, माणसं, प्राणी मांडत आणि त्याला ‘जग’ म्हणत. त्या मांडणीवर लोवेनफेल्ड स्वतःचा अर्थ लादत नसत. मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. चित्रोपचारातही, म्हणजे चित्रांतून मन मोकळं करण्याच्या उपचारातही, चित्र सुबक आहे का, हे कुणी पाहत नाही. मूल बरेच दिवस घाबरलेलं, गप्प दिसलं, तर प्रशिक्षित उपचारकाकडे जरूर न्या. आणि घरी त्याच्या चित्राला कृपया नावं ठेवू नका.