माझी संत जोन

(रौप्यमहोत्सवी वर्षात ‘माझं श्रद्धास्थान’ या विषयावर आपल्या सभासदांची भाषणं झाली. त्यांपैकी सी विंगमधल्या एका सभासद भगिनींच्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



मागच्या दोन रविवारी इथे गजानन महाराजांवर आणि माऊलींवर इतकं सुंदर बोलणं झालं की आज माईक हातात घ्यायला जरा संकोच वाटतोय. माझी संत तुमच्यापैकी अनेकांना फक्त चित्रातून माहीत आहे. आमच्या हॉलमध्ये वेदीच्या शेजारी चिलखत घातलेल्या, हातात पांढरं निशाण धरलेल्या मुलीचं चित्र आहे ना, तीच ही. संत जोन ऑफ आर्क. दिवाळीचा फराळ द्यायला येणारी मुलं दरवर्षी विचारतात, “आंटी, ही तुमची झाशीची राणी का?” मी हो म्हणते. घोडा, लढाई, कोवळं वय, सगळं जुळतं. पण आज थोडं पुढचं सांगते.

आधी एक खुलासा करते, कारण हा प्रश्न नेहमी येतो. आम्ही कॅथलिक लोक संतांची आराधना करत नाही, आराधना फक्त देवाची. संतांना आम्ही ‘आमच्यासाठी विनंती कर’ असं म्हणतो. मोठ्या बहिणीला ‘तू जरा बाबांशी बोल ना’ म्हणतो, तसंच. माझी मोठी बहीण जोन आहे. शाळेत असताना दृढीकरण संस्काराच्या वेळी मी तिचं नाव घेतलं, तेव्हापासून.

आता तिची गोष्ट. साधारण १४१२ साली फ्रान्सच्या पूर्वेकडच्या दोंरेमी नावाच्या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी ती जन्मली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. सूत कातायचं, घरकाम करायचं, कधी गुरांकडे बघायचं. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ आणि ‘नमो मरिया’ या प्रार्थना आईने शिकवल्या. गावातल्या घंटा वाजवणाऱ्या माणसाने पुढे साक्ष दिली आहे की, संध्याकाळची घंटा द्यायला तो विसरला की ही पोर त्याला रागवायची आणि नीट वाजवलीस तर तुला भेट देईन म्हणायची. आपल्याकडे पाण्याचा पंप वेळेवर सुरू झाला नाही की वॉचमनदादांना जे ऐकावं लागतं, तसलाच प्रकार. मला ती पहिल्यांदा आवडली ती याच गोष्टीमुळे.

तेव्हा फ्रान्स आणि इंग्लंड यांचं युद्ध पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. बऱ्याच मुलखावर इंग्रज आणि त्यांचे मित्र बर्गंडीवाले यांचा ताबा होता. फ्रान्सचा राजपुत्र चार्ल्स याला राज्याभिषेकसुद्धा झालेला नव्हता. जोन तेरा वर्षांची असताना एका दुपारी वडिलांच्या बागेत तिला पहिल्यांदा आवाज ऐकू आला. देवदूत संत मायकल, संत कॅथरीन आणि संत मार्गारेट आपल्याशी बोलतात, असं ती सांगे. आधी सांगणं साधंच होतं, चांगली वाग, चर्चला जा. मग सांगणं आलं, राजपुत्राकडे जा.

ती गेली. १४२९ च्या सुरुवातीला शिनोंच्या किल्ल्यात चार्ल्सला भेटली. पंडितांनी तिची परीक्षा घेतली. एप्रिलच्या अखेरीस ती ऑर्लेआँ शहरात शिरली. ते शहर सहा महिन्यांहून जास्त काळ वेढ्यात होतं. ८ मे रोजी वेढा उठला. १७ जुलैला रँसच्या कॅथेड्रलमध्ये चार्ल्सला राज्याभिषेक झाला आणि ही सतरा वर्षांची मुलगी निशाण घेऊन जवळ उभी होती.

इथे एक काका मला नेहमी अडवतात. ते आज समोरच बसलेत, नाव घेत नाही. त्यांचं म्हणणं, “तुमचा येशू सांगतो शत्रूवर प्रेम करा, दुसरा गाल पुढे करा. मग ही तलवारवाली संत कशी?” प्रश्न अगदी रास्त आहे आणि मी तो झटकून टाकत नाही. जोनने लढाया केल्या. तिच्या निशाणामागे धावत गेलेली माणसं मेली आणि मारलीही गेली. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

पण तिच्या खटल्याची कागदपत्रं आजही उपलब्ध आहेत. न्यायाधीशांनी विचारलं, तुला निशाण जास्त प्रिय की तलवार? तिने सांगितलं की, निशाण चाळीस पटींनी जास्त प्रिय. आपल्या हातून कोणी मरू नये म्हणून हल्ल्याच्या वेळी निशाण आपण स्वतः धरत होतो आणि आपण कोणालाही मारलेलं नाही, असंही ती म्हणाली. ऑर्लेआँच्या लढाईपूर्वी तिने इंग्रजांना पत्र पाठवून परत जायला सांगितलं होतं. तिला शिव्या देणारा इंग्रज सरदार नदीत बुडून मेला, तेव्हा ती त्याच्या आत्म्यासाठी रडली. एका जखमी इंग्रज कैद्याचं डोकं तिने आधाराला धरलं आणि मरण्यापूर्वी त्याला पापनिवेदन करता यावं याची व्यवस्था केली, असं तिच्या सेवेतल्या मुलाने सांगितलं आहे. शत्रूवर प्रेम म्हणजे काय, याचं उत्तर मला पुस्तकापेक्षा त्या धरलेल्या डोक्यात जास्त सापडतं. युद्ध चांगलं असतं असं ती मला कधीच शिकवत नाही. युद्धातसुद्धा समोरचा माणूस माणूसच राहतो, हे शिकवते.

आणि एवढ्या पराक्रमानंतर राजाकडे मागितलं काय? आपल्या गावाला करमाफी. राजाने ती दिली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या करवसुलीच्या वहीत दोंरेमीच्या नावापुढे ‘काही नाही, त्या कुमारिकेमुळे’ अशा अर्थाची नोंद होत राहिली. आपल्या खजिनदार साहेबांनी हे मनावर घेऊ नये, मेंटेनन्स सगळ्यांनाच भरायचा आहे!

पण खरं सांगायचं तर मी जिच्यापुढे मेणबत्ती लावते ती घोड्यावरची जोन नाही. ती कोठडीतली जोन आहे.

२३ मे १४३० ला काँपिएन्‌जवळ बर्गंडीवाल्यांनी तिला पकडलं आणि पुढे दहा हजार लिव्र घेऊन इंग्रजांच्या हवाली केलं. ज्याला तिने राजा केलं, त्या चार्ल्सने तिला सोडवून घेतलं नाही. रूआँ शहरात तिच्यावर धर्मद्रोहाचा खटला चालला. न्यायाधीश कोण? बिशप पियेर कोशों, आणि भोवती पॅरिसच्या विद्यापीठातले शास्त्री-पंडित. हे मी कॅथलिक असूनही, किंवा कॅथलिक आहे म्हणूनच, स्पष्ट सांगते. तिला दोषी ठरवलं ते आमच्याच धर्मसभेच्या माणसांनी. मला पोपमहोदयांकडे न्या, अशी तिने विनंती केली, तर ते फार लांब आहेत असं उत्तर मिळालं. संतांना जिवंतपणी छळायचं आणि नंतर पालख्या काढायच्या, हे महाराष्ट्राला काही नवीन नाही. ज्ञानेश्वरादी भावंडांना आणि तुकोबांना काय सोसावं लागलं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

खटल्यात तिला एक प्रश्न विचारला गेला. तू देवाच्या कृपेत आहेस का? हा सापळा होता. हो म्हणावं तर गर्विष्ठ ठरणार, कारण ते कोणालाच खात्रीने ठाऊक नसतं, अशी आमच्या धर्माची शिकवण आहे. नाही म्हणावं तर पापाची कबुली. एकोणीस वर्षांची, निरक्षर मुलगी, वकील नाही, समोर पंडितांच्या रांगा. तिने सांगितलं, नसेन तर देव मला कृपेत नेवो आणि असेन तर तिथेच राखो.

हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आले होते. ते माझं झालं ते सहा वर्षांपूर्वी.

ह्यांचं आजारपण तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेना, तेव्हा ए विंगच्या मुलांनी ह्यांना खुर्चीत बसवून तीन जिने उतरवलं होतं. ते मी विसरणार नाही. शेवटी आजार फुप्फुसांत पसरला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, व्हेंटिलेटर लावायचा की घरी न्यायचं? बरं होण्याची आशा त्यांनी दाखवली नाही. ह्यांनी शुद्धीत असताना दोनदा सांगितलं होतं, मला घरी ने. आमच्या फादरांनीही समजावलं की, ज्या उपचाराने फक्त मरण लांबतं तो नाकारण्याची मुभा धर्म देतो. मी सही केली आणि ह्यांना घरी आणलं. अकराव्या दिवशी पहाटे ते गेले. मुलगा उशाशी होता, आम्ही जपमाळ म्हणत होतो.

मातीच्या दिवशी एका नातेवाइकाने सगळ्यांदेखत म्हटलं, “अजून प्रयत्न करायला हवा होता.” त्यानंतर किती रात्री मी बाल्कनीत बसून काढल्या, ते समोरच्या विंगमधल्या ताईंना ठाऊक आहे. मी बरोबर केलं का? देवाच्या नजरेत मी कुठे उभी आहे? हा प्रश्न कोणीही विचारू शकतं, उत्तर मात्र कोणीही देऊ शकत नाही. एका रात्री जोनचं उत्तर आपोआप ओठांवर आलं. बरोबर असेन तर तिथेच राख, नसेन तर तिकडे ने. खात्री मिळाली नाही. झोप मात्र लागली. तेव्हापासून रात्री दिवा मालवताना मी एवढंच म्हणते.

अजून एक गोष्ट. जोन शूर होती म्हणून मला आवडते असं लोकांना वाटतं. ती घाबरली होती, म्हणून ती मला जवळची वाटते. २४ मे १४३१ ला दफनभूमीत सगळ्यांसमोर शिक्षेचं वाचन सुरू झालं, तेव्हा ती खचली. आवाज खोटे होते अशा अर्थाच्या कागदावर तिने खूण केली. जन्मठेप मिळाली. चार दिवसांनी न्यायाधीश कोठडीत गेले, तर ती पुन्हा पुरुषी वेषात होती. तिने सांगितलं की, आगीच्या भीतीने मी ते बोलले होते, ते खरं नव्हतं. याचा परिणाम काय होणार हे तिला पुरतं ठाऊक होतं. ३० मे ला सकाळी तिने पापनिवेदन केलं, ख्रिस्तशरीर स्वीकारलं आणि मग तिला जुन्या बाजाराच्या चौकात जाळलं. तिने क्रूस मागितला, तर गर्दीतल्या एका इंग्रज शिपायाने काटक्यांचा छोटा क्रूस करून दिला. तो तिने छातीशी ठेवला. एका धर्मबंधूने जवळच्या चर्चमधला क्रूस आणून ज्वाळांपलीकडून तिला दिसेल असा उंच धरला. येशूचं नाव घेत ती गेली. तिची राख सेन नदीत टाकली.

कथा इथे संपत नाही, आणि ती पुढे नेली एका आईने. तिची आई इझाबेल १४५५ साली पॅरिसच्या नोत्र दाममध्ये उभी राहिली आणि लेकीला न्याय मागितला. वय झालेलं, नवरा गेलेला. पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी फेरचौकशीला परवानगी दिली. शंभराहून अधिक साक्षी झाल्या. गावच्या मैत्रिणी बोलल्या, सैनिक बोलले, तो घंटा वाजवणाराही बोलला. ७ जुलै १४५६ ला, त्याच रूआँ शहरात, आधीचा निकाल रद्द झाला. पुढे १९२० मध्ये पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी तिला संत जाहीर केलं. ज्या धर्मसभेच्या माणसांनी तिला जाळलं, त्याच धर्मसभेने तिला वेदीवर मान दिला. उशीर झाला, फार उशीर झाला. पण माझी संस्था आपला निकाल मागे घेऊ शकते, याचा मला आधार वाटतो. पंचवीस वर्षं सोसायटी चालवलेल्या मंडळींना तरी हे समजावून सांगायला नको. मिनिट्समध्ये लिहिलेलं बदलायला किती हिंमत लागते!

जोन आयुष्यभर चर्चची लेकरूच राहिली. चर्चच्या माणसांनी चुकीचं सांगितलं तेव्हा ‘नाही’ म्हणाली, आणि तरी घर सोडून गेली नाही. भांडायचं, पण आपल्या माणसांत राहून भांडायचं. आपल्या वार्षिक सभेत मी अधूनमधून उभी राहते, ती हिम्मत कुठून येते ते आता तुम्हाला कळलं असेल.

तिचा सण ३० मे ला असतो. आमच्याकडे त्या दिवशी संध्याकाळी जपमाळ असते आणि वसईहून आलेले आंबे असतात. प्रार्थनेला बसायलाच हवं असं नाही, आंबे खायला मात्र सगळ्यांनी यायचं. आणि ज्या काकांना तलवारीचा प्रश्न पडतो, त्यांनी जरा लवकर यावं. वाद घालायला वेळ पुरला पाहिजे.

देव आपल्या या घरकुलाचं रक्षण करो.