संसाराचं सुख : रमाई आणि नकुलमाता
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



लग्नाच्या मांडवात सुखावर बोलायला पुष्कळ जण उठतात. तीस वर्षं संसार केलेल्या जोडप्यापुढं मात्र कुणी त्यावर बोलत नाही. आज इथं पुढच्या दोन रांगा तशाच जोडप्यांच्या आहेत, म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम घेतला.

रमाईंविषयी आपण दरवर्षी बोलतो, पण 'त्याग' या एका शब्दापलीकडं जात नाही. ती माऊली संसारात सुखी होती का, हे विचारायला आपण बिचकतो. जरा हिशेब मांडूया. 1906 साली भायखळ्याच्या बाजारात लग्न झालं. 1913 ला बाबासाहेब अमेरिकेला गेले, ते 1917 ला परतले. 1920 ला पुन्हा लंडन, परत आले 1923 ला. म्हणजे पहिल्या सतरा वर्षांतली सातेक वर्षं नवरा परदेशी. चार लेकरं मातीआड झाली, एकटा यशवंत राहिला. 1926 साली राजरत्न गेला, तेव्हा बाबासाहेबांनी पत्रातून मन मोकळं केलं ते आपल्या कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांपाशी. माणगाव परिषदेच्या खटपटीतले तेच हे दत्तोबा. त्या पत्रात नुसतं बापाचं दुःख नाही, नवरा-बायको दोघांचं आहे. नव्या नवलाईचं सुख केव्हाच संपलं होतं. एकाच दुःखाला दोघांचा खांदा लागला होता.

पुढं 1928 साली 'बहिष्कृत भारता'त बाबासाहेबांनी लिहिलं, की आपल्या माघारी पत्नीनं प्रपंच वाहिला, शेणीचे भारे डोक्यावरून आणले. आम्हाला यात ते साल मोठं वाटतं. रमाई तेव्हा हयात होत्या. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांना अर्पण झाला 1940 ला. त्या तर 27 मे 1935 लाच गेल्या होत्या. आपल्याकडं बायकोचं कौतुक बहुतेक शोकसभेतच होतं, बघा.

अंगुत्तर निकायात नकुलपिता आणि नकुलमाता हे जोडपं आहे. म्हातारा नकुलपिता आजारी पडला, जीव घाबरा झाला. बायको रडत बसली नाही. म्हणाली, काळजी करत मरू नका. मला सूत कातता येतं, लोकर विंचरता येते, पोरं सांभाळीन, घर चालवीन. सूत म्हटल्यावर आम्हा सूतगिरणीतल्या माणसांचे कान उभे राहणारच! म्हातारा त्या बोलण्यानं बरा झाला. मग भगवान बुद्धांनी त्याला सांगितलं, अशी हितचिंतक बायको लाभली, हे तुझं भाग्य आहे.

आपल्या पेठेत काय दिसतं? माणूस रिटायर होतो आणि तीस वर्षं बाईनं एकटीनं चालवलेल्या घरात डब्याडब्याचा हिशेब विचारायला लागतो. मग म्हणतो, घरात सुख राहिलं नाही. अहो, तिला विश्वासानं कारभार सोपवावा, हे सिगालोवाद सुत्तात नवऱ्याचं कर्तव्यच सांगितलंय.

आमचं तरुणपणीचं सुख म्हणजे सुट्टीच्या दिवशी रंकाळ्यावर भेळ. आता कापसाच्या धुरळ्यानं खोकला आला, की न सांगता गरम पाणी पुढं येतं. परवा आम्ही घरात विचारलं, सुख तेव्हा जास्त होतं का आता? उत्तर मिळालं, "तवा तुमी रातपाळीला गेला की भ्या वाटायचं. आता तुमी घोरताय, तरी झोप लागती."